अडीच मायक्रोफॅरडचा न्यायनिवाडा

माणसाची कुवत किती, हे मोजण्याचे साधन अद्याप कोणी निर्माण केलेले नाही. आणि ज्या अर्थी ते निर्माण झालेले नाही त्या अर्थी लग्ने जुळविणारे मध्यस्थ, निवडणुकीतील कार्यकर्ते आणि सभांचे सूत्रसंचालक यांचा व्यवसाय निर्वेधपणे चालला आहे. कंडेन्सरची गोष्ट निराळी. त्याची कुवत मोजता येते, अडीचशे वर्षांपासून मोजली जात आहे, तिला रीतसर एकक आहे, आणि ती ज्याच्या त्याच्या अंगावर ठळक अक्षरांत छापलेली असते. माणसाच्या कपाळावर असे काही छापण्याची सोय असती तर किती जाहीर सभा टळल्या असत्या! आणि तरीही चिमूरच्या बाजारपेठेत वैशाख महिन्यात कंडेन्सरची कुवत ज्या रीतीने ठरविली जाते ती रीत डोळ्यांनी पाहिल्यावर, शास्त्र हे पुस्तकात राहते आणि व्यवहार हा स्टुलावर चढून पेचकस फिरवितो, या निष्कर्षाप्रत यावे लागते.

चिमूर हे चंद्रपूर जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. १६ ऑगस्ट १९४२ रोजी येथील जनतेने इंग्रजी अंमलाविरुद्ध जो उठाव केला त्याने या गावाचे नाव देशाच्या इतिहासात कायमचे दाखल झाले. श्रीहरी बालाजीच्या घोडायात्रेला येथे पंचक्रोशी लोटते. ताडोबाचा वाघ पाहण्यासाठी कोलारा प्रवेशद्वाराकडे धावणाऱ्या मोटारी याच तालुक्यातील धूळ उडवितात. आणि चिमूरचा स्वतंत्र जिल्हा व्हावा ही मागणी इतकी जुनी आहे की ती मान्य झाल्यास पानठेल्यावरील मंडळींना बोलावयास काय उरेल, हा एक प्रश्नच आहे. परंतु एकदा मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंश ओलांडून सत्तेचाळीसच्या दिशेने निघाला, म्हणजे उठाव, यात्रा, वाघ आणि जिल्हा हे चारही विषय तहकूब होतात, आणि मृगाची सर येईपर्यंत गावात एकाच विषयाची चर्चा चालते. तो विषय म्हणजे कूलर. ज्या जिल्ह्यातील महाऔष्णिक वीज केंद्राची स्थापित क्षमता २,९२० मेगावॉट आहे, त्याच जिल्ह्यातील पंखे भर दुपारी विजेच्या मंद दाबापायी जपमाळ ओढल्याप्रमाणे फिरावेत, याला दिव्याखाली अंधार म्हणण्याची पद्धत आहे. पण अनुभवी गृहस्थ वीज कंपनीला दोष देण्यापूर्वी, आणि बहुतेक वेळा दोष दिल्यानंतरही, पंख्याच्या बैठकीतील त्या काळ्या डबीकडे, म्हणजे कंडेन्सरकडे, संशयाने पाहतात.

तक्रार नेहमी एकाच नमुन्याची असते. "कूलर हुं हुं करून राहिला, पण फिरून नाही राहिला जी!" हे शब्द ऐकताच मिस्त्री जागेवरून न उठता निदान सांगतो, "कंडेन्सर गेला." आणि त्याचे निदान बहुधा खरे असते, हे त्याच्या शत्रूंनाही मान्य करावे लागेल. कारण घरात येणारी एकपदरी वीज ही स्वभावतःच अनिश्चयी आहे. ती सेकंदाला पन्नास वेळा पुढे जाते आणि तितक्याच वेळा मागे येते. मोटारीला ती ढकलते खरी, परंतु कोणत्या दिशेने ढकलावे याचा निर्णय तिला स्वबळावर घेता येत नाही. म्हणून मोटारीत वेटोळ्यांची दोन कुटुंबे असतात, आणि त्यांपैकी एकाच्या वाटेवर कंडेन्सर बसविलेला असतो. तो त्या वाटेवरील प्रवाहाला जवळजवळ पाव आवर्तनाने दुसऱ्याच्या पुढे काढतो. दोन वेटोळ्यांच्या या मतभेदातून मोटारीला दिशा मिळते आणि पाते फिरू लागते. कंडेन्सर गेला की दोन्ही पक्षांत एकमत होते, आणि एकमत झाल्यावर जे इतरत्र घडते तेच येथेही घडते: गुणगुणण्याचा आवाज पुष्कळ होतो, पण काम जागचे हलत नाही. अशा वेळी घरातील एखादा धाडसी मुलगा केरसुणीच्या दांड्याने पात्याला ढोसतो, कूलर फिरू लागतो, आणि त्या मुलाला आपण विद्युत-अभियंता व्हावे असे दोन दिवस वाटत राहते.

आता या कुवतीला धारकता म्हणतात, आणि तिची कल्पना या झाडीपट्टी मुलखातील वाचकाला पायलीवरून सहज यावी. पायलीत धान किती मावते हे पायलीच्या घडणीवर अवलंबून असते. कंडेन्सर ही मात्र अशी विलक्षण पायली आहे की जितका दाब द्यावा तितके तिच्यात अधिक मावते. म्हणून ती आज किती भरली आहे, हे विचारण्यात अर्थ नसतो. दर एका व्होल्टमागे किती भरते, हे विचारावे लागते. या मापाच्या एककाला मायकेल फॅरडे या थोर प्रयोगशीलाच्या स्मरणार्थ फॅरड असे नाव दिले गेले आणि १८८१ साली पॅरिसच्या विद्युत-परिषदेने त्यावर मोहोर उठविली. परंतु विद्वानांनी एकक ठरविताना बाजाराचा विचार न केल्यामुळे ते इतके अवाढव्य झाले की एक फॅरड धारकतेचा एकाकी गोळा करावयाचा म्हटल्यास त्याची त्रिज्या ९० लाख किलोमीटर, म्हणजे सूर्याच्या त्रिज्येच्या सुमारे तेरा पट भरेल. आपली पृथ्वी, तिच्यावरील समुद्र, पर्वत, राजधान्या आणि चिमूर तहसील यांसह, सुमारे ७१० मायक्रोफॅरडची आहे. छताच्या पंख्याचा कंडेन्सर असतो अडीच मायक्रोफॅरडचा, आणि विहिरीवरील एकपदरी मोटारीचा, तिला सुरू होताना हात देणारा कंडेन्सर असतो १०० ते १२० मायक्रोफॅरडचा. तात्पर्य, ज्या शेतकऱ्यांच्या बांधावरून वर्षानुवर्षे दिवाणी दावे चालू आहेत अशा सहा जणांनी आपापल्या मोटारींचे १२० मायक्रोफॅरडचे कंडेन्सर क्षणभर एकत्र जोडण्याचे मनावर घेतले, तर त्यांची संयुक्त धारकता साऱ्या पृथ्वीहून अधिक भरेल. ते मनावर घेत नाहीत, म्हणून पृथ्वीचा मान राहिला आहे.

कुवत मोजण्याच्या स्थानिक पद्धती मुख्यत्वे तीन. पहिली सिरीज बल्बची. शंभर वॉटचा दिवा आणि कंडेन्सर एकामागोमाग जोडून वीज सोडावयाची. दिवा मुळीच लागला नाही तर कंडेन्सर आतून तुटलेला, भक्कन पेटला तर आतल्या आत भिडलेला, आणि मंद लालसर पेटला तर "चांगला". ही पद्धत मृत आणि जिवंत यांतील भेद बिनचूक सांगते. पण जिवंतांपैकी धडधाकट कोण आणि क्षयी कोण, हे सांगण्याची तिच्यात शक्ती नाही, कारण अडीचचा लालसरपणा आणि दोनचा लालसरपणा यांतील तफावत ओळखणारा डोळा चित्रकाराला असेल, दुपारी दोन वाजता घामाने भरलेल्या मिस्त्रीला नसतो.

दुसरी पद्धत ठिणगीची, आणि प्रेक्षकांची गर्दी होते ती हिलाच. कंडेन्सरच्या दोन्ही तारा सॉकेटात क्षणभर खुपसावयाच्या, ओढून काढावयाच्या, आणि मग त्यांची टोके एकमेकांना भिडवावयाची, 'ठॉक' असा आवाज होऊन निळी ठिणगी उडाली की मिस्त्री म्हणतो, "दम हाये." हा न्याय तत्काळ होतो, त्याविरुद्ध अपील नसते, आणि त्यात एकच किरकोळ दोष आहे: तो न्याय नसतो. घरातील वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते. तारा ओढून काढण्याचा क्षण आणि शून्याचा क्षण जवळजवळ जुळला, तर नवाकोरा कंडेन्सर रिकामाच बाहेर येतो आणि ठिणगीवाचून भंगारात जमा होतो. उलट तारा शिखराच्या क्षणी निघाल्या तर अर्धी धारकता गमावलेला जुना गडीही सव्वातीनशे व्होल्ट पोटात घेऊन येतो, आणि असा काही कडाडतो की त्याला सन्मानपूर्वक पुन्हा कामावर रुजू करून घेतले जाते. मुलाखतीत मोठ्याने बोलणारा उमेदवार निवडला जातो, त्यामागील तत्त्वही बहुधा हेच असावे.

तिसरी पद्धत "दुसरा टाकून पाहा" ही. जुना काढावयाचा, नवा लावावयाचा, आणि पंखा अधिक वेगाने फिरला तर जुना दोषी ठरवावयाचा. विद्वज्जन या पद्धतीला हसतील. पण हसण्यापूर्वी त्यांनी ध्यानात घ्यावे की धारकता-मापनाच्या अभिजात परंपरेशी नाते सांगणारी तिन्हींपैकी हीच एक पद्धत आहे, कारण तिचे मर्म तुलनेत आहे.

त्या परंपरेचा आरंभ अर्थातच धक्क्याने झाला. १७४५-४६ च्या सुमारास पोमेरेनियातील फॉन क्लाइस्ट आणि हॉलंडमधील लायडनचे प्राध्यापक मुशेनब्रूक यांना, एकमेकांच्या नकळत, पाण्याच्या बाटलीत वीज साठविता येते असा शोध लागला. शोध लागला म्हणण्यापेक्षा तो त्यांना बसला. मुशेनब्रूकने तर फ्रान्सचे अवघे राज्य दिले तरी तो प्रयोग आपण पुन्हा करणार नाही, असे पत्राने कळविले. फ्रान्सचे राज्य ज्यांच्याकडे होते त्यांनी मात्र ही बातमी मनोरंजनाच्या सदरात घेतली: १७४६ साली आबे नोले या शास्त्रज्ञाने पंधराव्या लुईच्या समक्ष १८० रक्षकांना हातात हात गुंफून उभे केले, बाटलीतील वीज त्यांच्यातून सोडली, आणि ते सर्वजण एकदम उडालेले पाहून महाराज संतुष्ट झाले. बाटलीची कुवत किती, तर एकशेऐंशी शिपाई उडविण्याइतकी; त्या काळी याहून बारीक माप कोणाला नको होते.

ते हवे होते हेन्री कॅव्हेंडिश याला. हा इंग्लंडमधील गर्भश्रीमंत, अत्यंत मितभाषी आणि स्त्रियांना पाहून वाट बदलणारा गृहस्थ. त्याने १७७० नंतरच्या दशकात घरच्या प्रयोगशाळेत बसून निरनिराळ्या वस्तूंच्या धारकता एकमेकींशी ताडून पाहिल्या आणि त्या इंचांत मांडल्या. वस्तूइतकीच वीज सामावून घेणाऱ्या गोळ्याचा व्यास जितके इंच, तितकी त्या वस्तूची कुवत, असा त्याचा हिशेब. या हिशेबाने आपल्या छताच्या पंख्यातील मूठभर कंडेन्सर ४५ किलोमीटर व्यासाच्या गोळ्याबरोबर उतरतो. असा गोळा आकाशात टांगल्यास त्याच्या सावलीत चिमूर तर बुडेलच, परंतु कोलाऱ्याच्या वाघांनाही भरदिवसा रात्रीचा भास होऊन त्यांचे वेळापत्रक बिघडेल. कॅव्हेंडिशचे इंच टिकले असते तर आज दुकानात जाऊन "पावणेअठरा लाख इंचांचा एक द्या" असे म्हणावे लागले असते. पण तो पडला संकोची. त्याने आपली पुष्कळशी टिपणे छापलीच नाहीत, ती दप्तरात पडून राहिली, आणि त्याच्या मृत्यूनंतर जवळजवळ सत्तर वर्षांनी, १८७९ साली, मॅक्सवेलने ती संपादून प्रसिद्ध केली. सरकारी दप्तरातील फाईल यापेक्षा लवकर निघते, असे म्हणण्याचा प्रसंग इतिहासात क्वचितच येतो.

तुलनेला शिस्त आणली ती तारयंत्राच्या समुद्री केबलांनी. पाण्याखालून जाणारी शेकडो मैलांची तार हा एक अजस्र कंडेन्सरच असतो. १८५८ साली अटलांटिकच्या तळाशी टाकलेली केबल उण्यापुऱ्या तीन आठवड्यांत मुकी झाली, आणि तिच्या अंताला तिच्यावर लादलेला फाजील दाबही कारण ठरला. या केबलांच्या कामावरील द सोती या विद्युततज्ज्ञाचे नाव ज्या सेतूला मिळाले तो सेतू आजही महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतून विद्यार्थ्यांना भेडसावतो. त्याची रचना चार भुजांची. दोन भुजांवर दोन कंडेन्सर, एक ज्ञात आणि एक अज्ञात. उरलेल्या दोन भुजांवर दोन रोध. आणि दोहोंच्या मधोमध, उभयपक्षी काही वाद शिल्लक आहे की नाही हे ऐकण्यासाठी, टेलिफोनचा कर्णा. यंत्रात गुणगुणता प्रवाह सोडावयाचा आणि रोध कमीजास्त करीत राहावयाचे. कर्णा कुरकुरत आहे तोवर न्याय झालेला नाही; तो निःशब्द झाला की निकाल लागला. मग ज्याची धारकता मोठी त्याच्या वाट्याला रोध लहान, या साध्या त्रैराशिकाने अज्ञाताची किंमत निघते: ज्ञात कंडेन्सर एक मायक्रोफॅरडचा, त्याच्या बाजूचा रोध २,५०० ओहमचा आणि अज्ञाताच्या बाजूचा १,००० ओहमचा असताना शांतता झाली, तर अज्ञात अडीच मायक्रोफॅरडचा. या सेतूचा मोठेपणा असा की विजेचा दाब किती आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसते. दाब चढला वा उतरला तरी दोन्ही पक्षांवर सारखाच होतो, आणि निकाल बदलत नाही. तालुक्याच्या ठिकाणी दाबाखाली न बदलणारा निकाल मिळतो, ही बाब अनेकांना नवी वाटेल.

कर्ण्याला कान लावण्याचे दिवस सरले ते इलेक्ट्रॉनिक मंडलांमुळे. १९७१ साली हान्स कॅमेन्झिंड या अभियंत्याने आखलेली आणि पुढच्याच वर्षी बाजारात आलेली '५५५' नावाची आठ पायांची चकती हे काम काळाच्या हिशेबाने करते. कंडेन्सरला एका ठरावीक रोधातून भरावयास लावायचे. तो पुरवठ्याच्या दोनतृतीयांश दाबापर्यंत भरेतो चकतीचे आउटपुट चालू राहते, आणि भरताच बंद होते. ही मुदत रोध आणि धारकता यांच्या गुणाकाराच्या १.१ पट असते. म्हणजे दहा लाख ओहमच्या रोधातून अडीच मायक्रोफॅरडला २.७५ सेकंद लागतात. मोठ्या कुवतीचा गडी सावकाश भरतो, लहान कुवतीचा झटपट भरून मोकळा होतो, आणि यंत्र मधल्या वेळातील टिकटिक मोजून आकडा दाखविते. फार थोड्या वेळात आपण परिपूर्ण झालो असे सांगणाऱ्यांविषयी या मंडलाचे मत अनुकूल नाही.

या तत्त्वावर चालणारा खिशात मावेल असा मीटर आता चिमुरातही मिळतो, आणि खरी गंमत तेथूनच सुरू होते. एका दुपारी बाजारातील दुकानात एक वयस्क शेतकरी पंख्याचा जुना कंडेन्सर घेऊन आले होते. डबीवर २.५ छापलेले, मीटरवर उमटले १.६२. शेतकऱ्यांनी डबी उलटीसुलटी केली, चष्मा पुसला, आणि अक्षरावर बोट ठेवून म्हणाले, "भाऊ, इथं अडीच लिहून हाये ना जी!" मिस्त्री म्हणाला, "लिहून हाये काका, पण आतमंदी नाही." क्षणभर विचार करून काकांनी निर्णय दिला, "मंग तुझ्या मशिनीतच खोट असन." सातबाऱ्यावर नाव चढण्यासाठी ज्यांनी अर्धे आयुष्य पटवाऱ्याच्या दारी घालविले त्यांना, लिहिलेले एक आणि असलेले दुसरे, असे कोणी सांगावे आणि त्यांनी ते ऐकून घ्यावे, ही अपेक्षा अवाजवी आहे. वस्तुतः दोषी होते ते वैशाखाचे ऊन. प्लास्टिकच्या पातळ पटलावर धातूचा मुलामा देऊन केलेला हा कंडेन्सर कोठे छिद्र पडले की त्याभोवतीचा मुलामा जाळून स्वतःला बरे करतो. प्रत्येक दुरुस्तीत थोडे क्षेत्र गमावतो, आणि उष्णता दहा अंशांनी वाढली की त्याचे आयुष्य स्थूलमानाने निम्मे होते. तो एकाएकी मरत नाही, झिजत जातो. पंखा हळूहळू मंदावतो आणि घरचे लोक "व्होल्टेज नाही" असे म्हणत वीज कंपनीच्या नावाने बोटे मोडतात.

मीटर नसला तरी कर्तव्यदक्ष मिस्त्रीला मार्ग आहे. चालू पंख्यात कंडेन्सरच्या तारेतून जाणारा प्रवाह पकडीच्या ॲमीटरने आणि त्याच्या टोकांवरील दाब साध्या मीटरने मोजावा. प्रवाहाला ३,१८३ ने गुणून दाबाने भागले की धारकता मायक्रोफॅरडमध्ये मिळते. उदाहरणार्थ, २३० व्होल्टला ०.१८ ॲम्पिअर आला, तर कंडेन्सर अडीचचा. एवढ्या एका भागाकारापुढे ठिणगीचा चमत्कार फिका पडतो. पण भागाकार पाहण्यासाठी गर्दी जमत नाही, हीच काय ती त्याची उणीव.

याहून मोठा तंटा शेतात आहे. कृषिपंप विजेच्या जाळ्यातून कामाच्या प्रवाहाबरोबर बिनकामाचा, केवळ चुंबकत्वासाठी येरझारा घालणारा प्रवाहही ओढतात. त्याचा भार डीपीवर, म्हणजे वितरण रोहित्रावर, पडतो. पंपाशी योग्य क्षमतेचा कॅपॅसिटर, म्हणजे आपला कंडेन्सरच, बसविला तर ही येरझार पंपाजवळच मिटते आणि डीपी जळण्याचा धोका कमी होतो. म्हणून पंप आपोआप सुरू करणारा ऑटोस्विच काढा आणि कॅपॅसिटर बसवा, असे आवाहन महावितरण वारंवार करीत असते. सल्ला निर्विवाद आहे. परंतु कॅपॅसिटरचा खर्च एकाचा आणि डीपीचा लाभ सर्वांचा, असा हा मामला असल्यामुळे, शेजाऱ्याने आधी बसवावा या उदात्त भावनेने प्रत्येक जण थांबतो. मग धानाला पाण्याची नड ऐन भरात असताना डीपी जळते, आणि त्या रात्री सर्व शेजाऱ्यांची धारकता एकसारखी, म्हणजे शून्य, भरते. क्वचित कोणी बसविलाच, तर पुढे कित्येक वर्षे तो तेथे आहे एवढ्यावर समाधान मानले जाते. आत किती उरला आहे, हे मोजण्याचे कोणाच्या मनातही येत नाही.

किराणा दुकानदाराचा तराजू वैधमापनाच्या निरीक्षकापुढे ठरावीक मुदतीने हजर होऊन शिक्का मारून घेतो, हे आपण न्याय्य मानतो. पावशेर साखरेत मासाभर तूट आली तर पंच गोळा करतो. आणि ज्याच्या जिवावर वैशाखातील झोप आणि रब्बीतील पाणी अवलंबून आहे तो कंडेन्सर मात्र डबीवरील छापील शब्दावर विकत घेतो. तेव्हा सुज्ञ वाचकांस विनंती इतकीच की, येत्या चैत्रात कूलर माळ्यावरून उतरविण्यापूर्वी त्याचा कंडेन्सर मीटरवर लावून घ्यावा. नवा घेताना दुकानदाराला तो समक्ष मोजून दाखविण्यास सांगावे, आणि पाच टक्के मुभा छापलेली असल्यास अडीचच्या जागी २.३८ ते २.६२ यांच्या बाहेरचा आकडा आल्यास तो नम्रपणे परत करावा. सॉकेटात तारा खुपसून ठिणगी काढणाऱ्यास तेथेच थांबवावे. आणि पंपाचा मोठा कंडेन्सर हाती घेण्यापूर्वी मोटारीची वीज तोडून, त्याच्या दोन टोकांना तारा जोडलेला बल्ब टेकवून, तो रिता करून घ्यावा. मुशेनब्रूकने जो धक्का फ्रान्सच्या राज्याच्या बदल्यातही पुन्हा नको म्हटले, तो चिमुरात फुकट मिळतो म्हणून घेण्याचे कारण नाही.